मंगळवारचा पिक्चर

मंगळवारी सलून बंद असायचं, म्हणून आमचा पिक्चर मंगळवारचा. दुपारचा खेळ, स्टँडजवळच्या नव्या थेटरात. जाणारे आम्ही तिघं: सलूनवाला, त्याच्या भिंतीला भिंत लागून दुकान असलेला शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणत, आणि मी. मी तीस वर्षं गावातल्या जुन्या थेटरात वरच्या खोलीत मशिनवर रिळं चढवली. ते थेटर बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी लोक मला ऑपरेटरच म्हणतात.

पिक्चर सुटला की मास्तरच्या दुकानात बसायचं, चहा सांगायचा आणि भांडायचं. मास्तर टोपीवाल्याचा भक्त, मी भुवईवाल्याचा. नावं आम्हीच ठेवलेली. दोघेही नट केव्हाच वारले होते, पण आमच्या भांडणात त्यांनी कधी तिशी ओलांडली नाही. सलूनवाला आमच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याचा देव आजचा, त्याला मास्तर डोलेवाला म्हणायचा.

"तुमचा टोपीवाला एका माणसाला मारायला दहा मिनिटं घ्यायचा," सलूनवाला म्हणायचा. "आमचा एका मिनिटात दहा मारतो."

"म्हणून तर एकाचंही वाईट वाटत नाही," मास्तर म्हणायचा.

मी म्हणायचो, "मास्तर, तुझ्या टोपीवाल्याने टोपी काढली असती तर घरच्यांनीसुद्धा ओळखलं नसतं."

"आणि तुझा भुवईवाला? मारामारी असो, लग्न असो, भुवई तेवढी वर. बाकीचं तोंड पगारी रजेवर."

मास्तरचं एक मत पक्कं होतं. नवा पिक्चर थेटराच्या दारापर्यंतही डोक्यात राहत नाही. वीस वर्षं तो हेच म्हणत होता. त्यामुळे गेल्या वर्षी त्याला गोष्ट सांगता येईनाशी झाली तेव्हा आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

"मास्तर, सांगा बरं, इंटरव्हलच्या आधी काय काय झालं?" सलूनवाल्याने एकदा विचारलं.

"काय होणार? आवाज झाला."

आम्ही इतके हसलो की चहा बशीत सांडला. मास्तरही हसला. आता आठवतं, तो आधी आमच्याकडे बघायचा आणि मग हसायचा.

एका सकाळी त्याची मुलगी माझ्या खोलीवर आली. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायची. आई वारल्यापासून बाप-लेक दोघंच राहत होते. तिला बढती आली होती, पण दुसऱ्या गावी, बसने सहा तासांवर. सोमवारी तिथे रुजू व्हायचं, नाहीतर बढती जाणार होती.

"काका, बाबांचं काही वेगळं वाटतं का तुम्हाला?"

"वेगळं म्हणजे?"

"परवा त्यांनी मला दोनदा जेवायला वाढलं. जेवलो, भांडी घासली, आणि तासाभराने परत ताटं मांडली. विचारलं तर म्हणाले, तू फार वाळलीस."

"खरंच वाळलीयेस."

"काका, चेष्टा नको. ते एकटे राहू शकतील का, तेवढंच सांगा. तुम्ही दिवसभर त्यांच्याजवळ असता. नसेल जमत तर मी त्यांना बरोबर घेऊन जाते. तिकडे क्वार्टर मिळतंय."

घेऊन जाते म्हणाली ते मला लागलं. माझ्या मागेपुढे कुणी नाही. सकाळी उठायचं ते मास्तरच्या दुकानाकडे जायला.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी मास्तरची परीक्षा घेतली. माझ्या पद्धतीने घेतली. म्हणालो, "टोपीवाल्याचा तो कोर्टातला सीन आठवतो का रे?"

मास्तरने कात्री खाली ठेवली आणि उभा राहिला. वकील तो, आरोपी तो, न्यायाधीशही तोच. कुठे खोकायचं, कुठे थांबायचं, सगळं जिथल्या तिथे. मधेच म्हणाला, "इथे बघ, कोटाला दोन बटणं आहेत. कॅमेरा फिरून परत आला की तीन. कुठल्या गाढवाने शिवला होता कोण जाणे." तो पिक्चर मी चार महिने रोज चालवला होता. एक शब्द चुकला असता तरी मला कळलं असतं. चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितलं, "त्याचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. खुशाल जा."

दुसऱ्या कुणी त्याला आजचा वार विचारला असता, सकाळी काय खाल्लंस विचारलं असतं. मी पिक्चर विचारला, तोही चाळीस वर्षांपूर्वीचा.

रविवारी ती गेली. जाताना मला तिचा नंबर कागदावर लिहून दिला आणि शनिवारी येते म्हणाली.

मंगळवारी थेटरात मागच्याच आठवड्यातला पिक्चर होता. सलूनवाल्याचा डोलेवाला असल्यामुळे तो म्हणाला, "चला, परत बघू. पहिल्या वेळी तुम्ही दोघं अर्धा वेळ झोपला होतात." मास्तर आमच्या मधे बसला. हिरोचा भाऊ पुलावरून पडला तेव्हा त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "गेला रे!" मागच्या आठवड्यातही त्याने ह्याच जागी असंच धरलं होतं. इंटरव्हलला त्याने विचारलं, "ही पोरगी याची कोण?"

बाहेर येताना म्हणाला, "हा बरा होता. मागच्यापेक्षा पुष्कळ बरा."

सलूनवाल्याने टाळी वाजवली. "ऑपरेटर, ऐकलंत? काय टोमणा मारला!"

मला हसू आलं नाही. सलूनवाला पुढे गेल्यावर मी विचारलं, "मास्तर, मागच्या मंगळवारी कुठला बघितला रे आपण?"

रीळ तुटलं की पडदा नुसता पांढरा होतो, तसा त्याचा चेहरा झाला. मग खांदे उडवून म्हणाला, "होता असाच कुठलातरी. ते काय लक्षात ठेवायचं?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. वर्षभराचं कळलं.

मुलीचा नंबर खिशात होता. बुधवारी मी फोन उचलला आणि खाली ठेवला. शनिवारी येणारच आहे, तेव्हा समोरासमोर सांगू, असं म्हटलं. गुरुवारी उचललासुद्धा नाही. दुकानात जाऊन बसलो, भुवईवाल्याचा विषय काढला आणि दोन तास भांडलो. फार छान भांडला तो.

शुक्रवारी दुपारी मी औषध घेऊन येत होतो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी धूर दिसला. मास्तर पँटला इस्त्री करत होता. इस्त्री उभी करायच्या ऐवजी कापडावर तशीच आडवी ठेवून तो निघून गेला होता. शिंप्याचं दुकान ते, वरपासून खालपर्यंत कापडच कापड.

सलूनवाल्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडली आणि धावला. "मास्तर!" म्हणून हाका मारल्या. उत्तर आलं नाही, म्हणून म्हातारा आत पडलाय असं त्याला वाटलं. ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून तो आत शिरला. टेबलाखाली चाचपलं, पडद्यामागे चाचपलं, पेटलेले तागे हातांनी बाजूला ओढले. टेरिकॉट पेटलं की वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. लोकांनी त्याला पायांना धरून बाहेर काढलं तेव्हाही तो "मास्तर आत आहेत" असंच ओरडत होता.

मास्तर मला सापडला तो माझ्या जुन्या, बंद थेटरासमोर. कुलूप लावलेल्या फाटकाजवळ, गळ्यात टेप, रांगेत उभं राहावं तसा एकटाच उभा होता.

"ऑपरेटर, तू खाली काय करतोयस?" तो माझ्यावर खेकसला. "खेळाची वेळ झाली की!"

फोन गेल्यावर मुलगी सहा तासांचा प्रवास करून रात्री थेट दवाखान्यात आली. मास्तरला एका खुर्चीवर बसवलं होतं. बाकावर सलूनवाल्याची बायको बसली होती, नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, उजव्या हाताच्या बोटांचं सांगता येत नाही.

मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. "माझंच चुकलं काका. मला दिसत होतं. दिसत असून मी गेले."

मी गप्प राहिलो असतो तर ते तिच्याच माथी राहिलं असतं. ती ते घेऊन जायला तयारच होती.

"तू मला विचारून गेलीस," मी म्हणालो. "मी तुला नीट न बघता सांगितलं. आणि मंगळवारी मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"की त्याच्या लक्षात काही राहत नाही. तोच पिक्चर त्याने नवा म्हणून बघितला."

"मंगळवारी," ती म्हणाली. "आज शुक्रवार आहे. नंबर दिला होता ना मी तुम्हाला?"

"होता."

"मग?"

"तू त्याला घेऊन गेली असतीस."

ती रडली नाही की ओरडली नाही. बापाच्या गळ्यातली टेप काढून तिने पर्समध्ये ठेवली आणि त्याला हाताला धरून उठवलं. "चला बाबा." मला म्हणाली, "घरी सामान बांधायला येऊ नका. मी करीन." मास्तर जाता जाता मला म्हणाला, "सलूनवाला कुठे उलथलाय? चहा सांगायला सांग त्याला."

बाकावरच्या बाईने सगळं ऐकलं होतं. तिने मांडीवरचे बूट खाली ठेवले. मग म्हणाली, "ते दुपारपासून विचारतायत, मास्तर सापडले का म्हणून. मी काही सांगितलेलं नाही. तुम्हीच जा आत."

मी आत गेलो. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते आणि उशांवर उचलून ठेवलेले होते.

"सापडले?"

"सापडला. थेटरासमोर उभा होता. त्याला काही झालेलं नाही."

"सुटलो," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मग उघडले. "म्हणजे आत कुणीच नव्हतं?"

"नव्हतं."

मी स्टूल ओढून बसलो आणि मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी थांबलो नाही.