माझ्या पाठीवरची फुली

मी एक गंजका पत्रा, नंबर अकरा. एस्मेराल्दास प्रांतातल्या कोकोच्या बागेत पडून असतो आणि पोटाखाली साप सांभाळतो. हसू नका, मला खरंच ते काम दिलंय.

आधी मी अन्सेल्मोकाकांच्या स्वयंपाकघराचं छप्पर होतो. गळायला लागलो तेव्हा काकांनी शिव्या घालतच मला उतरवलं. त्याच सुमारास राजधानी कीतोहून यादिरा नावाची सापांची अभ्यासक आली. जंगलात, बागेत आणि नदीकाठच्या दलदलीत किती साप उरलेत, ते तिला मोजायचं होतं. आम्ही पत्रे उन्हाने तापलो की साप उबेला खाली येतात, म्हणून तिने आम्हाला नंबर घालून तिन्ही जागी पसरलं. दर आठवड्याला काका आणि ती आकडीने आम्हाला उचलून पाहायचे.

"पोरी, साप दिसला की लोक पळतात, आणि तू त्यांना घरं बांधून देतेस!"

"तीही तुमच्याच गळक्या पत्र्याची, काका!"

बागेतले साप मात्र दरवर्षी कमी होत होते. पोरीचा चेहरा उतरायचा.

इथल्या सगळ्यात जहाल सापाला लोक 'फुली'च म्हणतात, पाठीवर तशाच खुणा असतात म्हणून. त्या सकाळी काका एकटेच पुढे आले. मला उचललं, तर खाली फुली वेटोळं घालून बसलेली! काकांनी मला हळूच टेकवलं, कोळशाने माझ्या पाठीवर मोठी फुली काढली आणि दलदलीकडे गेले. गावातलं शेंबडं पोरही ती खूण पाहून लांब राहिलं असतं.

मागून यादिरा आली. तिच्या वहीत फुली म्हणजे काही नाही, रिकामं. "काकांनी पाहिलेलं दिसतंय," ती पुटपुटली आणि खालची ऊब मोजायला तिने हात आत सरकवला.

मला ओरडता आलं नाही हो! पत्रा वाजतो, तोही कुणी आपटल्यावर.

होडीने दवाखाना चार तासांवर. पोरगी वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. काका माझ्याशेजारी बसून रडले. "तोंडाने सांगायला काय झालं होतं मला?"

तीन महिन्यांनी ती परत आली. डाव्या हाताने वेडंवाकडं लिहू लागली. "काका, त्या दिवसाची नोंद राहिलीय. बाग, पत्रा अकरा, फुली एक. यंदाची बागेतली एकुलती."

काकांनी मान खाली घातली. "लोकांनी मारली गं ती. रागाच्या भरात जागा मीच दाखवली."

यादिराने आकडा लिहिला, बराच वेळ पाहिला आणि त्यावर फुली मारली.

पाठीवरचा कोळसा केव्हाच धुऊन गेला. पोटाखाली तेव्हापासून कुणी आलेलं नाही. खुणा करा बाबांनो, पण मागून येणाऱ्याला तोंडानेही सांगा.