काहीही न तळता काळं झालेलं तेल

मी कढई आहे, आणि पुढचं ऐकण्याआधी एक सांगून टाकते: माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माणसांचे चेहरे मी आयुष्यभर वाफेआडून पाहिले. वाफेआडून सगळेच भले दिसतात.

एका लोहाराने मला पाण्याच्या जुन्या टाकीच्या पत्र्यातून ठोकून काढलं. माझा डावा कान जरा वर बसला. "चालतंय, कढईला कोण लग्नासाठी बघायला येतंय!" असं म्हणून त्याने मला रस्त्याकडेला मांडलं. वहिनींनी कान पाहून मला परत खाली ठेवलं, सगळा बाजार पालथा घातला आणि शेवटी येऊन मलाच उचललं.

वहिनी नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. कॅन्टीनचा ठेका त्यांच्या धाकट्या दिराकडे होता. त्या त्याला भाऊजी म्हणत, म्हणून साऱ्या वसतिगृहाचाच तो भाऊजी झाला होता. तिसऱ्या मावशी. त्या भांडी घासायच्या. सकाळी दीडशे मुलींसाठी माझ्यात बटाट्याच्या काचऱ्या पडायच्या, दुपारी मासे, आणि संध्याकाळी उरलेल्या पावाचे तुकडे.

तेव्हा एकच तेल चार-चार दिवस वापरात असायचं. फेस धरायला लागलं की बसथांब्याजवळचा एक गाडीवाला ते डब्यात भरून न्यायचा. कशाला नेतो, हे त्याला कोणी विचारलं नाही. मला मात्र तेव्हापासूनच शंका होती.

मग एके दिवशी भिंतीवर मोठा कागद लागला. देशाने म्हणे ठरवलं होतं, बाहेरून येणारं तेल कमी करायचं. डोंगरांवर पवनचक्क्या येणार, छपरांवर काचेचे काळे पत्रे बसणार आणि शहरातल्या बस आमच्यासारख्या कढयांतल्या वापरलेल्या तेलावर चालणार. इंधनाच्या ऑफिसमधून आलेल्या माणसाने मला हात लावून दाखवलं आणि म्हणाला, "ही साधी कढई नाही, ही तेलाची विहीर आहे." मी सावध झाले. तोवर मला कोणी स्वच्छसुद्धा म्हटलं नव्हतं, आणि हा एकदम विहीर म्हणत होता!

पण पहिलं वर्ष खरंच बरं गेलं, हे कबूल करायला हवं. दर दोन दिवसांनी तेल बदलायचं, जुनं निळ्या कॅनमध्ये ओतायचं आणि शुक्रवारी टेम्पो येऊन कॅन न्यायचा. मुलींची जळजळ थांबली. वहिनी टेम्पोकडे बघत म्हणायच्या, "मावशी, आपल्या काचऱ्यांवर बस पळते हो." मावशी म्हणायच्या, "मग एकदा तरी फुकट बसू द्या म्हणावं."

दुसऱ्या वर्षी भाव फिरला. वसतिगृहाला सवलतीतलं नवं तेल मिळायचं, आणि इंधनवाले जळक्या तेलाला त्याहून जास्त देऊ लागले. नवं स्वस्त, जुनं महाग. मी लोखंडाची, तरी मला कळलं. भाऊजींना कळायला कितीसा वेळ लागणार?

मोठी सुट्टी लागली, मुली घरी गेल्या. मावशींनी मला घासलं, वहिनींनी पुसून ओट्यावर पालथं घातलं आणि दाराला कुलूप लागलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कुलूप उघडलं. भाऊजी एकटेच होते. त्यांनी मला सरळ केलं, नव्या तेलाचे सीलबंद डबे फोडून माझ्यात ओतले आणि खाली मोठा जाळ केला. मी वाट पाहत होते. आता बटाटे येतील, निदान पाव तरी. आलं काय, तर मूठभर पीठ आणि करपलेल्या पावाचा चुरा. तो चुरा माझ्यात जळत राहिला, तेल तांबूस झालं, मग काळं पडलं. मग गाळून कॅनमध्ये. मग पुन्हा नवे डबे.

इतक्या वर्षांत माझ्यात काय काय तळलं गेलं, पण काहीच न तळता मी कधी इतकी तापले नव्हते. चांगलं तेल होतं ते. कितीतरी घरांना महिनाभर पुरलं असतं.

सुट्टी संपताना वहिनी साफसफाईला आल्या आणि दारातच थबकल्या.

"मी कढई पालथी घातली होती. ही सरळ कोणी केली?" त्यांनी बोट फिरवून पाहिलं. कडेला चिकट राप होता. "आणि ही वापरली कोणी?"

भाऊजी खुर्चीवर चहा पीत बसले होते. "मला काय माहीत वहिनी? दुसरी किल्ली मावशींकडे असते."

एवढंच. बोट कोणाकडे दाखवलं नाही, नाव घेऊन आरोप केला नाही. मावशींच्या भाच्याचा नुकताच साखरपुडा झाला होता. वहिनींनी दोन गोष्टी मनात जोडल्या, आणि मावशी बादली घेऊन आत आल्या तेव्हा विचारलंच.

"मावशी, घरच्या कार्याचं तळण इथं काढलंत का? विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं का?"

मावशींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली. "अकरा वर्षं झाली वहिनी, या कढईचं काळं माझ्या नखांतून निघत नाही. आणि तुम्ही मला हे विचारता?"

त्यांनी कमरेची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

"जाऊ द्या वहिनी," भाऊजी म्हणाले, "हल्ली कोणाचा भरवसा राहिला नाही."

मी तिथेच होते. मला तोंड असतं तर, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

दोन महिन्यांनी इंधनाच्या ऑफिसातून एक बाई आल्या. हातात वही, डोळ्यांवर चष्मा. मला वाटलं, आली भाऊजींच्या कमाईची वाटेकरीण! भाऊजींनी खुर्ची पुसून दिली. बाई हसून म्हणाल्या, "अभिनंदन. साऱ्या शहरात सगळ्यात जास्त वापरलेलं तेल तुमच्याकडून आलंय. त्यातही सुट्टीच्या महिन्यात तर कमालच केलीत." मग वहिनींकडे वळून त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सुट्टीत जेवायला किती मुली असतात हो?"

भाऊजी घाईने म्हणाले, "असतात पन्नास-साठ."

वहिनींचा हात पिठात तसाच राहिला. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ज्या जागी मावशी बसायच्या त्या मोरीकडे.

"वहिनी, सांगा ना," भाऊजी म्हणाले. आवाज गोड होता. "घरचा मामला आहे."

मी म्हटलं, संपलं. आता ही बाई दिराला सांभाळून घेणार. घर म्हटलं की माणसं काय काय गिळतात, ते मी चुलीवरून पाहिलंय. मी चुकले. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कधी चुकले नाही.

वहिनी म्हणाल्या, "सुट्टीत इथं कोणी जेवत नाही. चूल पेटत नाही. आणि मी घरच्या माणसावर विश्वास ठेवून एका बाईला चोर ठरवून बसलेय, तेही लिहून घ्या."

चष्मेवाल्या बाईंनी ते शेवटचं लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं.

ठेका गेला. मला दोरी बांधून, लाख लावून ऑफिसच्या कोठारात ठेवलंय, पुरावा म्हणून. शेजारी निळे कॅन आहेत आणि फळीवर योजनेचा अहवाल. त्यात लिहिलंय की वर्षाचं उद्दिष्ट वेळेआधी गाठलं. त्यात आमच्या खोट्या कॅनचं तेलही धरलंय की काय, कोण जाणे. आणि एका शहरात एकच भाऊजी असेल, हे मला तरी पटत नाही.

गेल्या आठवड्यात ओळख पटवायला वहिनींना बोलावलं होतं. बरोबर मावशीही आल्या होत्या, साक्षीला. दोघी दारातून आल्या त्या मध्ये चार हात अंतर ठेवून. वहिनी त्यांच्या घरी तीनदा जाऊन आल्या होत्या म्हणे, आणि दोनदा दार उघडलं नव्हतं.

"हीच का?" कारकुनाने विचारलं.

"हीच," वहिनी म्हणाल्या. "हिचा डावा कान वर आहे."

मावशी वाकून माझ्या बुडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गंज धरलाय साहेब. वहिनी, तुम्ही पाणी आणा, मी घासून देते."

"पुराव्याला हात लावता येणार नाही," कारकून म्हणाला.

दोघी बाहेर पडल्या. जिन्यावरून कितीतरी वेळ त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कोण काय म्हणत होतं ते कळलं नाही, पण रडणं नव्हतं.

मी इथे गंजत पडलेय. पवनचक्क्या फिरू द्या, बस पळू द्या, माझं त्याला काही म्हणणं नाही. तेवढं एक करा. कोणी तुम्हाला काळ्या तेलाचा भरलेला कॅन अभिमानाने दाखवला, तर कौतुक करण्याआधी विचारा: यात तळलं काय होतं, आणि ते खाल्लं कोणी?