अकरा रात्रींची पाठराखीण

देवासच्या नीलकंठ मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या चौतीस वर्षांत समुद्र एकदाही पाहिला नाही. भरती-ओहोटी ते निळ्या खडूने काढीत, चंद्र पांढऱ्याने. मुलं पास होत होती, समुद्राचीही काही तक्रार नव्हती. तक्रार आली ती धारहून, आणि तीही माईकवरून.

त्याचं असं झालं. मास्तरांच्या मुलीचं, अपेक्षाचं, लग्न धारच्या मानसिंगरावांच्या अमनशी देवासला यथासांग झालं, आणि दुसऱ्या दिवशी धारला रिसेप्शन होतं. मानसिंगरावांची सिमेंटची एजन्सी. पण सिमेंट हा त्यांचा नुसता धंदा. व्यवसाय म्हणाल तर घराणं. त्यांचे आजोबा दरबारात मानकरी होते, हे त्यांना भेटलेल्या माणसाला पहिल्या चहाच्या आत समजे. तर भर जेवणावळीत त्यांनी डीजेच्या हातून माईक घेतला.

"सून आली, आनंद आहे! पण एकटी आली. आमच्याकडे नवी सून पाठराखिणीशिवाय उंबरा ओलांडत नाही. माहेरची वडीलधारी बाई मुलीबरोबर येते, मुलीबरोबरच परत जाते. मधेच उठून जायची रीत नाही. आता मास्तरांच्या घरी माणसंच संपली असतील तर आपण काय बोलणार?"

साडेचारशे माणसं हसली. अर्ध्यांना पाठराखीण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण जेवण फार चांगलं होतं.

खरं कारण साधं होतं. पाठराखीण म्हणून जायच्या होत्या त्या मास्तरांच्या भवानीआत्या, वय एकोणऐंशी. आणि लग्नाच्या पाच दिवस आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. हे मानसिंगरावांना आधीच सांगितलं होतं. पण खरं कारण माईकवर शोभत नाही.

"आणि मास्तर," मानसिंगराव पुढे म्हणाले, "तुम्ही समुद्र नकाशातच पाहिला, पण तुमची मुलगी खरा पाहील. पोरांना मी हनीमूनला क्रूझवर धाडून राहिलो!"

टाळ्या झाल्या. मास्तरांच्या पत्नी लतिका ताटावरून उठल्या नाहीत, पण ताटातलं काही उचललंही नाही. परतताना त्या धारपासून इंदूरपर्यंत रडल्या आणि इंदूरपासून देवासपर्यंत गप्प बसल्या. मास्तरांना रडणं सोसलं. गप्प बसणं सोसेना. देवासच्या टेकडीचे दिवे दिसायला लागल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, हे मी विसरणार नाही. तुम्हीही विसरायचं नाही."

"मी दिलेला गृहपाठ विसरत नाही," मास्तर म्हणाले.

आठ दिवसांनी मानसिंगरावांचा फोन. क्रूझवर धाडतो म्हणणं सोपं होतं. क्रूझ म्हणजे नेमकं काय, हे धारमध्ये कुणाला विचारावं तर अज्ञान उघडं पडणार. "मास्तर, तुमचा तो भूगोल आहे ना, तो लावा जरा कामाला. कोणती कंपनी बरी, बघून ठेवा. पैसा मी भरणार, डोकं तुमचं."

"आज्ञा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी नवी दोनशेपानी वही काढली.

पहिले तीन दिवस मास्तरांनी शुद्ध दुष्टपणात घालवले. जहाजांबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय त्यांनी वाचले, त्यातही एक तारावाले तेवढेच. पाच तारावाल्यांना काही सांगायचं नसतं. एक तारावाले मन मोकळं करतात. एका जहाजावर नाचाच्या फरशीखाली बरोबर एक खोली होती, बिनखिडकीची, जिच्याबद्दल एका सुरतच्या गृहस्थांनी सव्वा पान लिहिलं होतं. मास्तरांनी तिचा नंबर वहीत उतरवून घेतला आणि खाली रेघही मारली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्या खोलीत मानसिंगराव झोपणार नव्हते, अपेक्षा झोपणार होती. त्यांनी ती रेघ खोडली आणि नंबरही खोडला.

बाहेरच्या खोलीत लतिकाबाई लग्नाचा व्हिडिओ बघत होत्या. पूर्ण नाही, तेवढाच तुकडा. रोज एकदा बघत, औषध घेतल्यासारखा. टीव्हीतून मानसिंगरावांचा आवाज आला, "मुलीबरोबर येते, मुलीबरोबरच परत जाते. मधेच उठून जायची रीत नाही."

मास्तर बाहेर आले. "जरा मागे घ्या बरं."

लतिकाबाईंनी मागे घेतलं. मास्तरांनी उभ्या उभ्या ऐकलं. "पुन्हा एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून ते आत गेले आणि वहीत कंपन्यांच्या नावांपुढे त्यांनी एक नवा रकाना आखला. भाडं नाही, जेवण नाही. 'रात्री'.

"आत्यांचा डोळा कसा आहे आता?" त्यांनी आतूनच विचारलं.

बाहेरून लतिकाबाईंच्या हसण्याचा आवाज आला, मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

मास्तरांनी धारला फोन लावला. "मानसिंगराव, तीन कंपन्या निवडल्यात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर 'सागरराणी' घ्या. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. मुलं पहिल्यांदाच जाताहेत; बोट लागली तर लागली, लवकर सुटतात."

"बरी आहे ना?"

"उत्तम. लोहारद्याच्या बियाणेवाल्या कंपनीने आपल्या डीलरांना गेल्या वर्षी तीच दिली होती. स्कीममध्ये."

"डीलरांना?"

"चाळीस पोती विकली की एक तिकीट."

"पुढची सांगा."

"पुढची 'ओरिएंट मून', सिंगापूरहून, पाच रात्री. तिच्यात काय आहे, जेवायची वेळ ठरलेली. टेबलही ठरलेलं, अनोळखी माणसांबरोबर. पण सोय चांगली. तुमचे इंदूरचे साडू गेले होते ना, ती."

"साडू त्याच्यात गेला होता? तो तर एवढं सांगून राहिला होता..."

"त्यांची खोली आतली होती म्हणे, बिनखिडकीची. पण ते आपण कशाला बोलायचं."

मानसिंगराव बराच वेळ सुखात होते. मग म्हणाले, "तिसरी?"

"तिसरीचं नाव नका घेऊ. 'बेला ओंदा'. बार्सिलोनाहून निघते, इटली, ग्रीस, आणि परत बार्सिलोना. अकरा रात्री. जातायेताचं विमान धरून तेरा दिवस. धारचं कुणी अजून गेलेलं नाही, आणि आपल्याला तरी काय करायचंय? संध्याकाळी कोट घालून जेवायला बसतात. फार दरबारी प्रकार आहे."

"दरबारी?"

"नको, मानसिंगराव. खर्चही—"

"मास्तर! खर्चाचं माझ्यावर सोडा. तीच!"

"तुम्ही म्हणता तर," मास्तर खिन्न आवाजात म्हणाले, आणि वहीतल्या 'अकरा'भोवती त्यांनी गोल काढला.

रात्री इंदूरहून अपेक्षाचा फोन आला. नोकरी दोघांचीही इंदूरला. "बाबा, अकरा रात्री? मी तर गोवा बोलले होते. मला बसमध्ये पण उलटी होते, तुम्हाला माहीत आहे ना!"

"खोली जहाजाच्या मधोमध घेतलीय, खालच्या मजल्यावर. तिथे हलत नाही. बाल्कनी आहे. वर-खाली दोन्हीकडे झोपायच्याच खोल्या, नाच नाही, स्वयंपाकघर नाही. पहिल्या दिवशी भोंगा वाजला की घाबरू नका, ती तालीम असते. आणि बंदरात उतरलात तर अर्धा तास आधी परत या; जहाज कुणासाठी थांबत नाही."

"बाबा, आप पक्का कुछ पका रहे हो."

मास्तरांनी सांगितलं. सूड सूडाच्या जागी, पण मुलीपासून लपवायचं नाही असा त्यांचा नियम होता. अपेक्षाने ऐकून घेतलं. त्या जेवणावळीत तीही बसली होती, नव्या साडीत, मान खाली घालून. आणि आईचं ताट तिला समोर दिसत होतं.

"सुट्टी मी मॅनेज करते," ती म्हणाली. "अमनला नाही सांगत. तो पपांना बोलून टाकेल."

व्हिसाला दीड महिना लागला, तेवढ्यात आत्यांचा डोळा लखलखीत झाला. एप्रिलात मुलं निघायच्या आदल्या दिवशी, निरोप द्यायला म्हणून मास्तर धारला गेले. गाडीतून आधी एक लोखंडी ट्रंक उतरली, मग तांब्याची घागर, मग भवानीआत्या.

"हे काय?" मानसिंगराव म्हणाले.

"आपण चूक दाखवलीत, आम्ही दुरुस्त केली," मास्तरांनी हात जोडले. "पाठराखीण. मुलीबरोबर येते, मुलीबरोबरच परत जाते. मधेच उठून जायची रीत नाही."

"पण मुलगी तर उद्या चालली!"

"येईल की. तेराव्या दिवशी."

मानसिंगरावांनी आजूबाजूला पाहिलं. निरोपाला भाऊबंद जमले होते, आणि सगळ्यांनी तो माईक ऐकलेला होता. "या, आत्या," ते म्हणाले.

आता भवानीआत्यांबद्दल. त्यांचे वडील देवासच्या दरबारात खाजगीकडे कारकून होते, आणि कुठल्या संस्थानात कोण कुठे बसे आणि कोण उभा राही, याची यादी त्यांना लहानपणी परवच्याबरोबर पाठ करून घेतलेली होती. परवचा त्या विसरल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी त्या दिवाणखान्यातल्या मोठ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. महाराज, घोडा, आणि मागे मानसिंगरावांचे आजोबा. नव्या डोळ्याने त्यांनी तो नीट न्याहाळला.

"हे कोण?"

"माझे आजोबा. मानकरी होते."

"अबदागिऱ्या," आत्या म्हणाल्या. "महाराजांवर छत्री धरायचे. तो काय, हातात दांडा दिसतोय. तुम्ही वरून चौकट लावून छत्री कापलीत. चांगले होते हो बिचारे. वारा सुटला की फार धावपळ व्हायची त्यांची."

त्या वेळी दिवाणखान्यात सिमेंट कंपनीचे दोन अधिकारी आणि मोहनखेड्याच्या धर्मशाळेची ऑर्डर घेऊन आलेले एक शेठ बसलेले होते. शेठजींनी फोटोजवळ जाऊन दांडा पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांबरोबर सगळं घर पहाटे चार वाजता उठू लागलं. पाठराखिणीच्या आधी घरच्या माणसाने जेवायचं नाही, ही रीत मानसिंगराव स्वतःच विसरले होते. आत्यांनी आठवण करून दिली. आणि आत्या सावकाश जेवत. चौथ्या दिवशी अमावास्या आली. आत्यांना नर्मदास्नान हवं होतं.

"खलघाटला नेतो, तासा-दीड तासात पोहोचू," मानसिंगराव म्हणाले.

"नेमावरला."

"आत्या, नेमावर देवास जिल्ह्याच्या त्या टोकाला आहे! सकाळी निघालो तर दुपार होईल. नर्मदा तीच आहे ना?"

"नदी तीच आहे, हद्द तुमची आहे. मी देवासची पाठराखीण; आमच्या हद्दीतल्या पाण्यात नहाते. नसेल जमत तर तसं सांगा. तुमच्या घरी गाड्या संपल्या असतील."

गाड्या संपल्या नव्हत्या. जातायेता अख्खा दिवस मानसिंगराव स्वतः चालवत होते, कारण ड्रायव्हर सोमवारी गावी निघून गेला होता आणि कधी येणार ते सांगत नव्हता.

त्या रात्री विहीणबाईंचा, म्हणजे मानसिंगरावांच्या पत्नी बकुळाबाईंचा, लतिकाबाईंना फोन आला. आवाज अगदी हळू. लतिकाबाईंना वाटलं, रागावल्या.

"विहीणबाई, एक विचारू? जहाज उशिरा येतं का कधी? तीस वर्षांत ह्यांना 'जी आत्या' म्हणताना पहिल्यांदा ऐकून राहिले मी. आज तर स्वतःचं ताट स्वतः उचललं हो!"

सहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता मास्तरांच्या दारात गाडी थांबली. पुढच्या सीटवर आत्या, मागे ट्रंक आणि घागर. मानसिंगराव उतरले. पंधरा दिवसांच्या तापातून उठलेल्या माणसासारखे दिसत होते.

मास्तरांच्या मनात आलं, झालं आपलं काम. इतकं छान काम झाल्यावर त्यांना मानसिंगरावांची थोडी दयाही आली. गुण जास्त पडले की परीक्षकाला येते तशी.

मानसिंगराव बैठकीत बसले. लतिकाबाई आतून आल्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या.

"विहीणबाई," मानसिंगराव तांब्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी काही बोललो. म्हणजे गमतीत. तुम्हाला लागलं असेल, तर... तसं मनात काही नव्हतं. आत्यांना आणून सोडलंय. त्यांचीही तब्येत बघायला पाहिजे ना, या वयात."

"माझी तब्येत उत्तम आहे," बाहेरून आत्या म्हणाल्या. गाडीतून त्या उतरल्याच नव्हत्या.

मास्तर पुढे झाले. "अहो, झालं गेलं..."

लतिकाबाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. मास्तर मागे झाले.

"व्याही," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "चहा घ्या. पोहे होताहेत. तुम्ही एवढ्या लांब आलात, मोठेपणा आहे तुमचा."

मानसिंगरावांचा चेहरा खुलला. त्यांनी चहा घेतला, पोहे दोनदा घेतले. लतिकाबाई एक ताट घेऊन गाडीपाशी गेल्या, आत्यांची खणानारळाने ओटी भरली, पाया पडल्या. मग दाराशी येऊन म्हणाल्या, "सावकाश न्या हं आत्यांना. ऊन फार आहे."

"कुठे?"

"धारला. मुलगी कुठे परत आली अजून? सात दिवस आहेत. मधेच उठून जायची रीत नाही. तुमच्याच घराण्याची रीत, मी कोण मोडणार? आणि तुम्ही माईकवर सांगितलंत साडेचारशे माणसांना. बसून, हळू आवाजात, ती परत कशी घेता येईल?"

मानसिंगरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघत होते, भूमध्य समुद्रापाशी.

बाहेर हॉर्न वाजला. आत्यांनी हात लांब करून स्वतः वाजवला होता. "चला, मानसिंगराव! परत पोहोचेपर्यंत माझी जेवायची वेळ होईल. आणि तुम्हीही उपाशीच राहाल तोवर."

गाडी वळली आणि गेली. लतिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन पोह्यांची कढई पुढ्यात ओढली आणि त्या रिसेप्शननंतर पहिल्यांदा पोटभर खाल्लं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या,

"अहो, त्या जहाजाला आणखी रात्री जोडता येतात का हो?"

मास्तरांनी वही उघडली. तेवढ्यात फोन वाजला. अपेक्षाचा संदेश होता, ग्रीसहून. 'बाबा, बार्सिलोनात तीन दिवस वाढवू का? आईला विचारा.'

मास्तरांनी फोन लतिकाबाईंपुढे धरला. त्यांना मोबाइलवर टाइप करणं जमत नसे, पण हा एक आकडा त्यांनी स्वतः शोधून काढला.

'५'.