बिडाच्या कढईतली करप

कढई पुन्हा करपली होती आणि लेक पुन्हा समजूतदारपणे बोलत होती. भिंगबाईंना संताप आला तो या दुसऱ्या गोष्टीचा.

"असू दे गं आई, होतं असं या वयात," लेक म्हणाली, तेव्हा त्यांच्या डोक्यात तिडीकच गेली. या वयात म्हणे! अठ्ठावीस वर्षं औषधांच्या कारखान्यात, पट्ट्यावरून सरकणाऱ्या हजारो गोळ्यांतून एखादी टवका उडालेली गोळी त्यांनी नजरेनं टिपून बाजूला काढली होती, म्हणून तर बरोबरच्या बायकांनी त्यांना भिंगबाई हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं. अशी बाई गॅसवर कढई ठेवून विसरेल?

कढई बिडाची, त्यांच्या आईची. तिला साबण चालत नाही आणि तारेची घासणी तर नाहीच नाही. कोमट पाणी ओतून घटकाभर भिजू द्यायचं, लाकडी उलथन्यानं सुटेल तेवढं अलगद सोडवायचं, उरलेल्यावर खडेमीठ टाकून अर्ध्या बटाट्यानं घासायचं, मग लगेच पुसून, तापवून, वरून तेलाचा बोळा फिरवायचा. गेले तीन आठवडे त्या रोज हे करत होत्या आणि रोज दुपारपर्यंत करप परत येत होती, कढईच्या डाव्या कानाखाली, बोटभर रुंद, करपलेल्या कांद्याची. घरात कांदा कधी येतच नसे, जावयाला तो चालत नसे. हे त्या दोघांनाही सांगून चुकल्या होत्या. लेक पदर सावरल्यासारखं करून विषय बदलायची आणि जावई लहान मुलाच्या गोष्टीला डोलवतात तशी मान डोलवायचा.

त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. हीच कढई, हीच जागा. "मी नाही गं केलं," आई म्हणायची, आणि "असू दे" म्हणणाऱ्या तेव्हा भिंगबाई होत्या. पुढे पुढे भिंगबाई सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये घालून कारखान्यात न्यायला लागल्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी आल्या, तर आई ओट्यापाशी ताठ उभी. कढईकडे बोट दाखवून म्हणाली, "हात लावून बघ." त्यांनी लावला. पुढच्याच रविवारी आईला वृद्धाश्रमात पोचवून त्या संध्याकाळच्या आत घरी परतल्या. उजव्या तर्जनीच्या टोकावरचा गुळगुळीत, पांढुरका डाग इस्त्रीचा आहे, असं त्या विचारणाऱ्याला सांगत आल्या होत्या. हल्ली कोणी विचारतही नसे.

आता रेग्युलेटर लेकीच्या पर्समध्ये जायला लागला होता, आणि फ्रीजवर चुंबकाखाली एक भरलेला अर्ज होता. त्यावर खोलीचा नंबर होता आणि येत्या रविवारची तारीख.

गुरुवारी बाराच्या सुमारास त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा कांद्याचा वास आला. हातातला टॉवेल तसाच घेऊन त्या आत गेल्या. सिलिंडरवर रेग्युलेटर नाही, शेगडी गार, आणि शेगडीवर कढई. सकाळी पुसून फडताळात ठेवलेली. डाव्या कानाखाली काळी करप. त्यांनी ओल्या टॉवेलाचा एक थेंब पिळला. चुर्र झालं.

भीती वाटायला हवी होती, पण त्यांना आनंदच झाला. आता बोला म्हणावं! हात मात्र शिवशिवू लागले, कारण करप वाळण्याआधी भिजवायची ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ती तशीच राहू दिली. कारखान्यात संशयाची गोळी पुसत नसत, जपून ठेवत. कढई जाड सतरंजीत गुंडाळून त्यांनी लेकीला फोन लावला. ती कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लिहून घ्यायची.

"आत्ताच्या आत्ता ये. आणि पर्स घेऊन ये."

दहा मिनिटांत ती धापा टाकत आली. "काय झालं? पडलीस का?"

"रेग्युलेटर कुठाय?"

"माझ्याकडे. आई, तुला काही..."

"दाखव."

लेकीनं पर्समधून रेग्युलेटर काढून ओट्यावर ठेवला. भिंगबाईंनी सतरंजी उलगडली. "तीन आठवडे तुम्ही मला वेड्यात काढलंत. बोल आता, मी केलं? कशावर केलं? लाव हात."

लेकीनं हात पुढे केला. बोट टेकलं आणि असं झटकन मागे आलं की तिच्या बांगड्या वाजल्या. तिनं सिलिंडरकडे पाहिलं, रेग्युलेटरकडे पाहिलं, मग तिची नजर वळून फ्रीजवरच्या अर्जावर गेली आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिली. भिंगबाई वाट पाहत होत्या.

"गार आहे गं आई," ती म्हणाली, त्याच समजूतदार आवाजात.

मग ती बेसिनपाशी गेली, नळ सोडला, आणि पाठमोरी उभी राहून बराच वेळ एकच बोट धारेखाली धरून राहिली.