मामांच्या फोनवरचे सहा आकडे

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तुम्ही मला हुशार समजता. पण ज्याची बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते आणि ज्याचा पंखा करकरतो, त्यानं भ्यायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म कुठे झाला ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते लोणी देवकरच्या एका कारखान्याचं ऑफिस. तिथं मी सहा वर्षं मालाच्या नोंदी ठेवल्या. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "हा कधी अडत नाही." ते ऐकून मी फुगायचो. मग एक दिवस नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. दोन वर्षं अंगावर धूळ साचत होती. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी तिथंच शिकलो. शेवटी ऑफिसनं जुनं सामान काढलं, तेव्हा तिथला कामगार सुयोग मला पिशवीत घालून भवानीनगरजवळच्या आपल्या वस्तीवर घेऊन आला.

त्यानं मला बायकोच्या हातात दिलं. तिचं नाव रोहिणी. लग्न झालं आणि तिचं कॉलेज दुसऱ्या वर्षातच सुटलं, त्याला बारा वर्षं झाली होती. आता तिनं घरबसल्या शिकायचं म्हणून बी.ए.ला ऑनलाइन नाव घातलं होतं. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा शॉक बसेल म्हणून तिनं बटण पेनाच्या टोकानं दाबलं. मला वाटलं, चला, भित्र्याला भित्री भेटली.

पहिल्या सत्रात तिचं चुकलंच. मला ओट्यावर ठेवून ती भाकऱ्या थापायची, मी धडे बोलत राहायचो आणि तिला वाटायचं अभ्यास होतोय. प्रश्न विचारायचा असला की वर्गाच्या चर्चेत टाईप करायची आणि पाठवायच्या आधी खोडून टाकायची. लोक हसतील ही भीती! तिचे ते खोडलेले प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत. निकाल लागला, अर्थशास्त्र राहिलं. त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन रडली.

पण मग ती पेटली. सासूबाईंना, म्हणजे प्रयागबाईंना तिनं स्पष्ट सांगितलं, "आत्या, एक ते तीन मला हाक मारायची न्हाय." प्रयागबाई म्हणाल्या, "बरं बाई, तेवढा येळ मी मुकी." रोहिणी वहीत लिहून काढू लागली. सगळे धडे आधीच माझ्यात उतरवून ठेवू लागली, कारण आमच्याकडे रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. एकदा डोळे मिटून तिनं प्रश्न पाठवलाही, आणि उत्तर आलं, "चांगला प्रश्न आहे." ते तिनं चार वेळा वाचलं. मला हवा लागावी म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्याही ठेवल्या. एवढी माया माझ्यावर आजवर कुणी केली नव्हती.

अर्थशास्त्राचा पेपर पुन्हा आला. वेळ अकराची, सव्वा अकराला परीक्षेचं ऑनलाइन दार बंद. हा हुकला तर वर्ष वाया, आणि आणखी एक वर्ष मागायला घरात तोंड उरणार नव्हतं.

तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मी दाखवलं: नोंदवलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे.

रोहिणीनं लगेच फोन लावायला घेतला. कारण नोंदवलेला मोबाइल तिचा नव्हताच. आमच्या घरात रेशन असो, गॅस असो, बँक असो, कुठल्याही कागदावर नंबर एकच, कर्त्याचा, म्हणजे तिचे सासरे रावजी यांचा; रोहिणी त्यांना मामा म्हणते. कॉलेजच्या फॉर्मवरही तिनं सवयीनं तोच टाकला होता. याआधीच्या परीक्षांना ते घरात होते म्हणून निभावलं. आज पहाटे अचानक ऊस तोडणारे तोडकरी आले आणि मामा उसाच्या ट्रॅक्टरमागं कारखान्यावर गेले.

पहिला कोड पाच मिनिटांत बाद झाला. मामांनी फोनच उचलला नाही. दुसरा मागवला. कोड तीनदाच मिळतो, हे मला माहीत होतं आणि मी आतून गार पडलो. या वेळी फोन लागला. तिनं तो स्पीकरवर ठेवला.

"मामा, तुमच्या फोनवर सा आकडं आल्यात, तेवढं सांगा!"

"कोड? न्हाय बा. कुणालाबी सांगायचा न्हाय, बँकंत भिंतीवर लिव्हलंय."

"मामा, मी रोहिणी हाय!"

"आवाज तिचाच हाय. पर शेजारच्या दादासोला त्याच्या मेव्हण्याच्याच आवाजात फोन आला हुता. पैसं घालवून बसला की बोंबलत!"

प्रयागबाई पुढं आल्या. "आवं, मी बोलतीया!"

"आता हिचा बी आवाज काढला," मामा म्हणाले.

अकरा वाजून दहा मिनिटं. दुसराही गेला. रोहिणीनं तिसरा आणि शेवटचा मागवला. माझा पंखा थांबेल की काय असं मला वाटलं. पलीकडून मामा म्हणाले, "रोहिणीच असशील तर सांग, तुज्या लग्नात मांडवात कोण रुसलं हुतं?"

उत्तर तिला माहीत होतं, पण बारा वर्षांत ते घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सुनेनं कसं बोलावं? प्रयागबाई हातानं खुणावू लागल्या, सांग, सांग.

"तुमीच रुसला हुता, मामा. टावेल-टोपीचा मान तुमच्या आदी पावण्याला दिला म्हणून. जेवला बी न्हाय."

मग मामा घसा खाकरून म्हणाले, "व्हय. घे लिहून."

अकरा वाजून चौदा मिनिटांनी दार उघडलं. तासभर ती लिहीत होती आणि तासभर मी लाईटकडं डोळे लावून बसलो होतो. लाईट गेली नाही.

संध्याकाळी मामा आले ते थेट माझ्यासमोर बसले. रोहिणीला म्हणाले, "मी कोड आदी दिला न्हाय ते बराबरच केलं. पर फारमवर तुजा नंबर टाक. परीक्षा तुजी हाय." रोहिणीनं त्याच दिवशी कॉलेजला कळवून नंबर बदलून घेतला.

मित्रांनो, अजून तीन पेपर बाकी आहेत. माझी करकर वाढली आहे. मला पुसत जा, वाफेपासून दूर ठेवा, ही विनंती माझ्यासारख्या सगळ्यांच्या वतीनं आहेच. पण परवा रोहिणीनं माझ्यातला सगळा अभ्यास पेनड्राइव्हवर काढून घेतला. वस्तीपलीकडच्या सुप्रियाला विचारून आली, "माजा मधीच बंद पडला तर तुज्या कॉम्प्युटरवर बसू का?" मला फार लागलं ते. रात्रंदिवस साथ दिली आणि ही माझ्या मरणाची तयारी करते!

मग लक्षात आलं, आतापर्यंत आम्ही दोघं नुसतेच भीत होतो. आता ती भिऊन कामाला लागते. तुम्हीही तसंच करा. मी उद्या पेपराच्या मधेच बंद पडलो, तरी ती रडत बसणार नाही. पायात चपला सरकवेल आणि सुप्रियाच्या घराकडं धावेल.