नानांना अस्वल दाखवायचं होतं

चष्मेवाली दुकानाला कुलूप लावून सहलीला निघाली, हे गल्लीला नवलच होतं. इतकी वर्षं काउंटरमागे बसून ती लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवत आली; सुट्टी कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. पण या वेळी तिने हट्टच धरला. आईवडिलांना राष्ट्रीय उद्यानात न्यायचं आणि नानांना अस्वल दाखवायचं.

नाना म्हणजे तिचे वडील. त्यांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. त्यांची बस त्या उद्यानाच्या फाटकाशी जाऊन थांबायची, माणसं उतरायची आणि नाना गाडी वळवून परत. संध्याकाळी तीच माणसं अस्वल पाहिल्याच्या गप्पा हाणत चढायची आणि नाना निमूटपणे गिअर टाकायचे. फाटकाच्या आत पाऊल टाकायला त्यांना सवड कधी झाली नाही. मग निवृत्ती आली, गुडघे कुरकुरायला लागले आणि मागोमाग नजरही. चहाचा कप ठेवायला जायचे तो टेबलाच्या कडेवर. लेकीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, की यांना दिसतंय तोवर एवढं एक करायचंच.

तिने काही कमी खटाटोप केला नव्हता. नानांना दुकानात बसवायची, नंबर बदलून बघायची, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायची. नाना शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचायचे. डॉक्टरांना दाखवू या म्हटलं की हसायचे. "तुझ्यापेक्षा मोठा डॉक्टर कोण गं?" हे ऐकलं की बाईसाहेबांचा दिवस सोन्याचा व्हायचा. सहलीसाठी म्हणून तिने त्यांना खास नवा चष्मा केला, हलकी फ्रेम, दुकानातली सर्वांत भारी काच.

सगळे मिळून जाऊ म्हणून धाकट्या भावाच्याही मागे लागली होती. त्याने आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाला, ताई, तूच ने त्यांना. आईचाही उत्साह यथातथाच. कशाला उगाच दगदग, म्हणाली. चष्मेवालीला वाटलं, नानांच्या गुडघ्यांना भीत असेल.

उद्यानात उघडी जीप मिळाली. जीपवाला अबोल होता. जनावर दिसलं की मी हात वर करीन, मग कुणी मोठ्याने बोलायचं नाही, एवढं बजावून त्याने गाडी सुरू केली. नाना सवयीने त्याच्या शेजारी बसले, मायलेकी मागे.

थोडं पुढे गेल्यावर नाना त्याला म्हणाले, "सावकाश हो. उजवीकडे वळण आहे आणि लगेच खड्डा."

वळण उजवीकडेच निघालं. खड्ड्यात जीप अशी आदळली की आईने लेकीचा दंड धरला. चष्मेवालीला हसू आलं. जुना ड्रायव्हर, रस्त्याचा वास येत असेल! पण जरा वेळाने नाना पुन्हा म्हणाले, "आता लाकडी पूल लागेल. पहिल्या गिअरवर घे."

झाडांची दाटी संपली आणि समोर लाकडी पूल आला. तिचं हसू जागच्या जागी विरलं. नाना ज्या रस्त्याने एकदा गेले तो रस्ता जन्मात विसरत नाहीत, ही डेपोत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पण त्यासाठी एकदा तरी जावं लागतं ना?

इंजिनाच्या घरघरीत तिने आईच्या कानाशी तोंड नेलं. "नाना इथे कधी आले होते?"

आईने पर्स उघडली, बंद केली. "धाकट्याने आणलं होतं. मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे राहायला गेलो होतो ना, तेव्हा."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू दुकान सोडून आली असतीस का? आणि घाई होती. तेव्हा त्यांना दिसत होतं."

चष्मेवाली आईकडे बघतच राहिली. "तेव्हा म्हणजे?"

मग आईने हळूहळू सगळं सांगितलं. धाकट्याने नानांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डोळ्यांची शीरच सुकत चालली आहे, चष्म्याने काही व्हायचं नाही, जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्याने तिथूनच गाडी इकडे वळवली. अस्वल दिसलं, पिल्लांसकट दिसलं. नाना लहान मुलासारखे रडले. आता त्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. ताईला सांगायचं नाही, तिचं मन मोडेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"आणि तो तक्ता?"

"पाठ आहे त्यांना. तू तरी तो कधी बदललास?"

तिच्या अंगाची आग आग झाली. भाऊ, भावजय, त्यांची पोरं, सगळ्यांना ठाऊक. एकटी हीच बावळट. स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच खुर्चीत बसवून तिला बनवलं होतं. काच पुसून नानांच्या नाकावर चढवताना ती केवढी फुशारायची! आणि ते कौतुकाने मान डोलवायचे. मन मोडेल म्हणे. मग आता काय झालं होतं?

नाना अर्धवट मागे वळले. "काय हिरवंगार आहे गं! चष्मा झकास झालाय तुझा."

दोन्ही बाजूंचं गवत वाळून पिवळं पडलं होतं.

तेवढ्यात जीपवाल्याने इंजीन बंद करून हात वर केला. डाव्या हाताला, पाणवठ्याच्या काठावर अस्वल होतं. चांगलं थोराड, काळंभोर, मागच्या पायांवर उभं राहून झाडाला पाठ घासत होतं. नाना मात्र उजवीकडे तोंड करून, चेहऱ्यावर हसू धरून बसले होते.

"का थांबलो?" त्यांनी हळूच विचारलं. "दिसलं का काही?"

आईने लेकीचा गुडघा दाबला. सांग, असं ते दाबणं होतं. सांगायला कितीसं लागत होतं! हनुवटीला धरून त्यांचं तोंड डावीकडे वळवायचं आणि जे दिसतंय ते कानात सांगत राहायचं. शब्द तिच्या जिभेवर आलेही. पण ते बाहेर पडण्याआधी तिला नानांचं ते हसणं आठवलं, तुझ्यापेक्षा मोठा डॉक्टर कोण गं.

"काही नाही, नाना," ती म्हणाली. "पाणवठा आहे. रिकामाच आहे."

जीपवाल्याने चमकून मागे पाहिलं. आईने गुडघ्यावरचा हात काढून घेतला, पण तोंड उघडलं नाही. याही वेळी नाही.

नानांनी चाचपडत हात मागे आणला आणि तिचा हात शोधून थोपटला.

"जाऊ दे बाळा, मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "पहिल्यांदाच तर आलोय आपण."

अस्वल अजून तिथेच होतं. तिने जीपवाल्याला गाडी पुढे घ्यायला सांगितलं.