बोटीच्या बायचं गाणं

ओहोटीची खाडी. ताम्रवर्णी, मंदगामिनी, लवणगंधा. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि त्याचं वितळलेलं सोनं चिखलावर, चिखलात रुतून बसलेल्या होड्यांवर, बांबूच्या मांडवांवर वाळत टांगलेल्या बोंबलांवर सारख्याच हातानं सांडत होतं. होड्यांना सोनं, बोंबलांनाही सोनं. सूर्य काही निवडून देत नाही.

नाताळ सरला होता आणि उपासाचे चाळीस दिवस अजून लांब होते. या दोहोंच्या मधला काळ म्हणजे मनोरीत लग्नांचा काळ. घराघरांवर पताका, दारादारांत माडाच्या झावळ्या, आणि वाऱ्यावर तळणीत टम्म होणाऱ्या पिठाच्या फुग्यांचा गोड, आंबूस, तेलकट वास. उद्या नातालीनच्या मुलाचं, बस्त्यावचं लग्न होतं. आज संध्याकाळी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायचं होतं, नवऱ्यामुलाच्या आंघोळीचं.

अंगणात बायका गात होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या लुगड्यांना नावं ठेवत होत्या. नातालीन चुलीपाशी बसून बघत होती. बघत होती म्हणजे डोळे उघडे होते. तळणीतला एक थेंब उडून तिच्या मनगटावर पडला, कातडी लाल झाली, आणि ते तिला शेजारणीनं सांगितल्यावर कळलं.

गेल्या पावसाळ्याच्या आदल्या पावसाळ्यात तिची लेक झाबेल गेली. बाविशीची पोर, काविळीनं. हळदुली होत होत, दिव्यासारखी मंद होत होत, एका पावसाळी दुपारी ती विझली. नातालीन रडली नाही. शवपेटीमागं चालताना नाही, माती टाकताना नाही, चर्चमधल्या महिन्याच्या मिसेला नाही. गाव आधी हळहळला, मग कुजबुजला, मग आपापल्या कामाला लागला.

तेव्हापासून मीठ अळणी होतं आणि गूळही अळणी होता. ऊन नुसतं पिवळं होतं, पाऊस नुसता ओला होता. सगळं सगळं दुरून येत होतं आणि दारातूनच परत जात होतं. आत एक भीती तेवढी जिवंत राहिली होती. पोरीचा चेहरा आताशा नीट आठवत नव्हता. नाक आठवलं तर हनुवटी निसटायची. एक दिवस पोर पुरती पुसली जाईल, आणि आपल्याला त्याचंही काही वाटणार नाही, याची ती भीती होती.

आता गाण्याची गोष्ट सांगायला हवी.

नातालीनचा नवरा सान्तान बोटीवर स्वयंपाकी होता. झाबेल चालायला लागली त्या वर्षी अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून त्यानं एक ग्रामोफोन आणला आणि एकच एक रेकॉर्ड आणली. काळीभोर, तळहातासारख्या रेषांची, आरशासारखी चकचकीत. एका गोऱ्या गाणारीची तिकडं घरोघरी गाजलेली गाणी तिच्यावर होती. चंद्राचं एक, पत्राचं एक, पावसात भिजलेल्या रस्त्याचं एक, आणि शेवटचं, खिडकीत दिवा लावून कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं.

तिचा आवाज मधुमंथर, किंचित धुरकट, मध्येच हसल्यासारखा आणि हसताहसता थकल्यासारखा. तिचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं बोटीची बाय. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं. नवरा दर्यावर गेलाय तिचा, असं साऱ्या बायका खात्रीनं सांगायच्या. त्यांचेही नवरे दर्यावरच असत, त्यामुळं वाद घालायला कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी सान्तानच्या माळ्यावर, लाकडी तक्तपोशीवर, अर्धा गाव मांडी घालून बसायचा. खाली गुरं, वर गाणं, आणि मधल्या जिन्यावर ज्याला जागा मिळेल तो. बोटीची बाय आपलीच आहे, फक्त आपली, अशी मनोरीची समजूत झाली ती तेव्हा.

झाबेल चार वर्षांची असताना तिनं आईच्या अंबाड्यातला आकडा काढला आणि त्या काळ्या चकचकीत तबकडीवर बापाची बोट काढायला घेतली. डोलकाठीची एक उभी रेघ झाली आणि तेवढ्यात ती सापडली. रेकॉर्ड लावून बघितली. चंद्र नीट होता, पत्र नीट होतं, पाऊस नीट होता. शेवटच्या गाण्यात, वाट बघणारी बाई दार उघडं असल्याचं सांगते म्हणे, त्या ओळीशी सुई आली आणि अडली. तेच दार, पुन्हा तेच दार, पुन्हा तेच.

सान्तानचा हात वर गेला. पोर हलली नाही. कमरेवर हात ठेवून, त्या अडलेल्या बाईकडं बघत ती म्हणाली, "मोडलं नाय. तं आसंच हाय."

आणि तिनं पाय आपटला. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा. तक्तपोशी हादरली, सुई उडाली, आणि बोटीची बाय जणू काही झालंच नाही अशी पुढं गाऊ लागली. सान्तानचा वर गेलेला हात हसताहसता खाली आला.

मग ती रीतच पडली. गाणं त्या ओळीशी आलं की माळ्यावरचा सगळा गाव पाय आपटायचा, तीनदा, आणि सुई सोडवायचा. पास्कोल ट्रम्पेटवाला जिन्याच्या पायरीवर बसून ते गाणं कानानं शिकला आणि तीन अडखळ्यांसकट शिकला. त्याच्या बॅण्डनं ते तसंच वाजवलं, लग्नात, बारशात, ईस्टरला. नाचणारे त्या जागी थांबायचे, तीनदा पाय आपटायचे, मग सुटायचे. नंतर जन्मलेल्या पोरांना वाटायचं की गोरे लोक असेच नाचतात.

झाबेल गेली आणि सान्ताननं ग्रामोफोन गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली ढकलला. पास्कोलनं ते गाणं वाजवणं सोडलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

बस्त्यावचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं विचार केला, पास्कोल काका वाजवणार म्हणजे गर्दीतून कुणीतरी सवयीनं ते गाणं मागणारच. म्हणून त्यानं वांद्र्याचा बॅण्ड बोलावला, निळ्या कोटांचा, कागदावर बघून वाजवणारा, परका. पास्कोल समजूतदार माणूस. रिकाम्या हातांनी पाहुण्यासारखा येईन म्हणाला. बस्त्यावनं आईलाही सांगितलं होतं.

"आय, तं गानं कोन वाजवनार नाय. तुला तरास व्हाला नको."

"बरं," नातालीन म्हणाली होती.

बरं म्हणताना तिच्या आत काहीतरी आणखी थोडं बंद झालं होतं. दार लावताना होतो तेवढाही आवाज झाला नाही.

तर अशी ती संध्याकाळ. वरात विहिरीकडं निघाली. पुढं निळा बॅण्ड, मागं नाचणारा गाव, आणि मध्ये बायकांच्या घोळक्यात नातालीन. पितळी कळशी तिच्या हातात होती. बस्त्यावच्या धर्मआईनं, रोझानं, तिच्यावर रंगीत छत्री धरली होती. विहीर आली, दोर सुटला, कळशी बुडाली, वर आली. उंबराच्या फांदीची सावली पाण्यात क्षणभर हलली आणि स्थिरावली. नातालीननं भरली कळशी डोक्यावर घेतली. जड होती की हलकी, तिला सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर बॅण्डनं नवं काहीतरी धरलं आणि गावाच्या पावलांनी ते आधी ओळखलं. चंद्र. मग त्याला जोडून पत्र. मग पाऊस.

बोटीची बाय वांद्र्यालाही होती. कुलाब्यात होती, माहीमला होती, जिथं जिथं ट्रम्पेट होतं तिथं तिथं होती. साऱ्या जगाला ठाऊक असलेली बाई मनोरीनं इतकी वर्षं आपल्या माळ्यावर बसवून ठेवली होती, आणि परका बॅण्ड तिला ओळखत नसणार असं धरून कुणी त्याला काही सांगितलंच नव्हतं. बस्त्याव कावराबावरा झाला. गर्दीतून वाट काढत तो पुढं धावू लागला. तो पोहोचायच्या आत पाऊस संपला आणि खिडकीत दिवा लागला.

ते गाणं. स्वच्छ, सुस्नात, निष्कलंक. वांद्र्याच्या कागदावर कुठं रेघ नव्हती. स्वर घरंगळत होते, उतरत होते, त्या ओळीकडं येत होते, आणि नातालीन ऐकत होती. तिला कळलं, आता ती जागा येईल. आता येईल आणि जाईल. गाणं तिथून असं सरळ निघून जाईल की तिथं कधी कुणी नव्हतंच.

जागा आली. बॅण्ड सरळ पुढं गेला.

गाव गेला नाही. गावाचे पाय तिथंच राहिले. म्हाताऱ्यांचे भेगाळलेले, बायकांचे जोडव्यांचे, पोरांचे अनवाणी, पास्कोलचे जुन्या बुटांतले. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. सगळे पाय धुळीत आपटले. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा.

बॅण्ड वाजवत चालतच होता. निळे कोट पुढं, गाव मागं, आणि मध्ये वाटेचा एक तुकडा रिकामा पडला. फार मोठा नव्हे. एका पोरीला दोन्ही हात पसरून गिरकी घेता येईल एवढा.

त्या तुकड्याच्या काठावर नातालीन उभी होती. तिचेही पाय आपटले होते. डोक्यावरची कळशी तीनदा डचमळली होती आणि पाणी तिच्या मानेवर, पाठीवर, लुगड्याच्या आत उतरत होतं. ती शहारली. मानेपासून टाचेपर्यंत शहारली आणि तशीच उभी राहिली.

"रोझा," ती म्हणाली, "पानी गार हाय."

रोझानं छत्री घट्ट धरली.

मागं कुणी नाही हे पुढच्यांना आता कुठं कळलं. वाद्यं एकेक करत गप्प झाली. बॅण्डचा मुख्य, घामाघूम आणि ओशाळलेला, त्या रिकाम्या तुकड्यातून परत आला. बस्त्यावही आला, आईसमोर मान खाली घालून.

"आय, मना म्हायती नव्हतं," तो म्हणाला. "थांबवतू त्यांना."

नातालीननं त्याच्याकडं बघितलं. खरंच बघितलं. पोराची हनुवटी बहिणीच्या वळणाची होती, आणि हे दीड वर्षात तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"थांबवू नको," ती म्हणाली. मग बॅण्डवाल्याला म्हणाली, "चुकलं तुझं."

बॅण्डवाल्यानं ट्रम्पेटला अडकवलेला कागद काढून बघितला. पुन्हा बघितला. "नाही मावशी, बरोबर आहे. रेकॉर्डवर असंच आहे. कुठं चुकलं?"

नातालीननं डोक्यावरची कळशी एका हातानं सावरली. पाय उचलला आणि आपटला. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा. दर खेपेला पाणी सांडलं आणि दर खेपेला ती शहारली.

"हितं," ती म्हणाली. "आमच्या गावान तं आसंच हाय."

कुणी हसलं नाही. सान्तान मागं, वाटेकडेच्या बोंबलांच्या मांडवाला टेकून उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. पास्कोलनं नुसती मान डोलावली, उत्तर बरोबर देणाऱ्या मुलाकडं बघून गुरुजींनी डोलवावी तशी. बॅण्डवाल्याला यातलं काहीच कळलं नव्हतं, पण माणूस भला होता. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, ट्रम्पेटच्या पाठीवर कागद धरला आणि त्या ओळीशी एक उभी रेघ मारली.

सूर्य बुडाला होता. खाडीला भरती लागली होती. चिखलात रुतलेल्या होड्या एकेक करून हलू लागल्या होत्या. वाटेवर पुन्हा ते गाणं निघालं, आणि त्याच्यामागं गाव निघाला. नातालीन चालत होती. गार, गार, गार, एवढंच तिला कळत होतं, आणि ते तिला पुरत होतं. कळशी अर्धी रिकामी झाली होती. धुळीत तिच्या मागं विहिरीकडून घराकडं एक ओली रेघ उमटत चालली होती, आणि ती वाळायच्या आत तिच्यावर पावलं पडत होती. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा.